दिवा लागतो, बोलणं होत नाही
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

2018 च्या नोव्हेंबरातली गोष्ट. माझ्या खालाला रिक्षात घालून मी बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका गावात, सेवा केंद्रावर घेऊन गेलो होतो. आमचे खालू साखर कारखान्यात नोकरीला होते. ते गेल्यापासून खालाला भविष्य निर्वाह निधीची पेन्शन मिळते. रक्कम ऐकाल तर हसाल. महिन्याला हजाराच्या थोडी पुढे. पण तिच्या गोळ्या-औषधांचे पैसे त्यातून निघतात, आणि 'मी कुणापुढं हात पसरत नाही' हे तिचं वाक्यही त्यातूनच निघतं. ह्या पेन्शनसाठी वर्षातून एकदा आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. 2014 पासून तो संगणकावर निघू लागला. छोट्याशा यंत्रावर बोट ठेवायचं, ठसा आधारशी जुळला की काम झालं.

खालाच्या खुब्याचं हाड मोडलेलं आणि केंद्राला चार पायऱ्या. केंद्र चालवणारा मुलगा भला होता. म्हणाला, "चाचा, आजींना उतरवू नका. मी यंत्रच बाहेर आणतो." त्यानं पाच मीटरची एक वायर काढली, तिला पाच मीटरची दुसरी जोडली, तिच्या टोकाला यंत्र लावलं आणि ते थेट रिक्षापर्यंत आणून खालाच्या मांडीवर ठेवलं. यंत्राचा बारीक दिवा लागला. आतून त्यानं सांगितलं, "आलं, यंत्र दिसतंय." खालानं बोट ठेवलं. काही नाही. दुसरं बोट. काही नाही. पदरानं पुसून, ग्लिसरीन लावून, दहाच्या दहा बोटं झाली. शेवटी मुलगा ओशाळून म्हणाला, "आजी, बोटांच्या रेषा झिजल्यात तुमच्या. चार दिवसांनी या."

चार दिवसांनी गेलो. तीच कथा. परत येताना खाला वाटभर आपल्या हातांकडं बघत होती. सगळा जन्म वाकळा शिवण्यात आणि उसाच्या खुरपणीत गेलेला. म्हणाली, "बेटा, हात झिजले म्हणजे माणूस कागदावर मेलंच की रे."

आता बोटं झिजतात हे खरंच आहे. कष्टकऱ्यांचे, म्हाताऱ्यांचे ठसे नीट उठत नाहीत, हा अनुभव गावोगावी आहे. पण त्या दिवशी गुन्हेगार बोट नव्हतं, वायर होती. हे मला कळलं ते एका मित्रामुळं. हा गृहस्थ आधी बारामतीत रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही आला, आता संगणक. मी त्याला हकीकत सांगितली. त्यानं एकच प्रश्न विचारला, "वायर किती लांब होती?"

मी बी. ए., तेही मराठी घेऊन. ओळीची लांबी मला कळते, वायरीची कळत नव्हती. त्यानं मला जे समजावलं आणि मग मी जे वाचून-विचारून पक्कं केलं, तेच आज तुम्हाला सांगतो. कारण अशा वायरी आता घरोघरी, शाळाशाळांत आणि पंचायतीत लोळत असतात.

ह्या जोडणीला यूएसबी म्हणतात. माऊस, कीबोर्ड, प्रिंटर, पेन ड्राइव्ह, ठशाचं यंत्र, सगळं तिच्यावर चालतं. पूर्वी प्रत्येक वस्तूला वेगळी खुंटी लागायची. तो घोळ मिटवायला सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी 1996 मध्ये पहिली यूएसबी नियमावली बाहेर पडली. ह्या कामात पुढं असलेले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, हे ऐकून मराठी माणसाला उगीच बरं वाटतं, मलाही वाटलं. पण मुद्दा असा की ही सगळी रचना एका टेबलासाठी झाली होती. संगणक इथं, प्रिंटर तिथं, हाताच्या अंतरावर. म्हणून नियमावलीनं वायरीची लांबी पाच मीटर ठरवली, माऊससारख्या संथ वस्तूंना तर तीनच. बाजारात जी लांबवायची वायर मिळते, म्हणजे एका टोकाला खुंटी आणि दुसऱ्या टोकाला खाच, तिला मूळ नियमावलीत जागाच नाही. पण आपल्याकडं नियमात जागा नसलेल्या गोष्टीच दुकानात पुढं मांडलेल्या असतात!

वायर कापून पाहिली तर आत चार तारा दिसतात. तांबडी आणि काळी ह्या दोघी वीज नेतात, हिरवी आणि पांढरी बोलणं नेतात. लांबी वाढली की दोन्ही जोड्या थकतात, पण वेगवेगळ्या कारणांनी. आपण मात्र दिवा लागला की सगळं ठीक आहे असं धरून चालतो. चूक होते ती इथंच.

आधी विजेचं पाहू. ते समजायला आमच्या भागातल्या माणसाला पुस्तक लागत नाही. नीरा डावा कालवा वीरपासून निघतो आणि बारामती, इंदापूर करत जातो. वरच्या अंगाला पाणी दोन्ही काठ भरून वाहतं. शेपटाकडं इंदापूरच्या शेतकऱ्याला विचारा, त्याच्या पाळीला चारीत काय उरतं ते. वाटेत मुरतं, झिरपतं, उपसलं जातं. विजेचंही तसंच. संगणकाच्या खाचेत ती पाच व्होल्टनं निघते. बारीक तारेत मीटरमागं साधारण 0.2 ओहम इतका अडथळा असतो. वायर पाच मीटरची असली तरी वीज जाऊन परत येते, म्हणून अंतर धरायचं दहा मीटर. वस्तू अर्धा अँपिअर ओढत असेल, आणि जुन्या यूएसबीत तेवढीच मुभा आहे, तर वाटेतच एक व्होल्ट खर्ची पडतो. अशा दोन वायरी जोडल्या की दोन व्होल्ट. पाचाचे तीन उरतात. तारेच्या जाडीला गेज म्हणतात आणि त्याचा हिशेब उलटा असतो, आकडा लहान तितकी तार जाड. वर धरलेली बारीक तार 28 गेजची. तिच्याऐवजी 20 गेजची घेतली तर तोच तोटा एक षष्ठांशावर येतो. विहिरीवरच्या मोटरीला लांबून बारीक केबल टाकली की मोटर घुमते पण उचलत नाही, हे ज्यानं पाहिलंय त्याला हे पटायला वेळ लागणार नाही.

आता खालाच्या मांडीवरचं यंत्र आठवा. नुसतं बसून असताना ते थोडीशीच वीज खातं, तेवढी त्याला दहा मीटरवरही मिळत होती. म्हणून दिवा लागला, आत संगणकाला यंत्र दिसलं. पण बोट ठेवलं की आतले दिवे उजळतात, बोटाचं चित्र घ्यायचं असतं, वीज एकदम जास्त लागते. नेमक्या त्याच क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि यंत्राला भोवळ येते. पाहणाऱ्याला काय दिसतं? बोट ठेवलं की बिघडतं. म्हणजे दोष बोटाचा!

हाच खेळ मी आधी एकदा पाहिला होता, पण तेव्हा समजला नव्हता. 2009-10 च्या सुमारास इंटरनेटसाठी डेटा कार्ड निघाली, अंगठ्याएवढी, संगणकाला खुपसायची. उजनीच्या पाण्याकाठी, भिगवणच्या पुढं माझा एक मेव्हणा राहतो. घरात रेंज नाही. त्यानं ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टीव्हीच्या अँटेनाच्या खांबावर चढवलं आणि तिथून लांबवायची वायर खाली आणली. अशी कार्डं त्या काळात किती घरांवर, किती लिंबाच्या फांद्यांवर लोंबकळत होती! कल्पना चुकीची नव्हती. मोबाइलच्या लहरी बारीक अँटेना-वायरीतून खाली आणायच्या तर वाटेतच विरतात, त्यापेक्षा कार्डच वर नेलेलं बरं. पण रेंज क्षीण असली की कार्ड टॉवरला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं ओरडतं, मोठ्यानं ओरडायला जास्त वीज खातं, जास्त वीज मागितली की लांब वायरीत व्होल्टेज पडतं आणि कार्ड बंद. जिथं वर चढवायची गरज जास्त, तिथंच ते टिकायचं नाही. दिवाळी अंकासाठी माझी एक कविता तिथून पाठवताना सात वेळा तुटली होती. संपादकांना शेवटी ती पोस्टानंच मिळाली.

आता दुसरी जोडी, हिरवी आणि पांढरी. ह्यांच्यावरचं बोलणं फार वेगाचं असतं. एप्रिल 2000 मध्ये आलेल्या यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीत एका सेकंदाला 48 कोटी खुणा जाऊ शकतात, 'आहे' किंवा 'नाही' अशा. त्या निघताना धारदार असतात, लांब तारेत त्यांच्या कडा बोथट होतात, एक खूण पुढच्या खुणेत मिसळते. कालव्याच्या पलीकडून कुणी हाळी दिली तर कुणीतरी ओरडतंय एवढं कळतं, काय ओरडतंय ते कळत नाही, तसं. सावकाश बोलणाऱ्याचं मात्र कळतं. म्हणूनच माऊस नियम मोडून दहा मीटरवर बिनतक्रार चालतो आणि त्याच वायरीवर कॅमेरा किंवा ठशाचं यंत्र गडबडतं. लोक म्हणतात, वायर चांगली आहे, माऊस चालतोय की! माऊस सेकंदाला 15 लाख खुणांच्या चालीनं बोलतो. त्याच्यावरून बाकीच्यांची परीक्षा करू नये.

ह्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून ठेवलेल्या असतात. एकीवर जे जातं त्याच्या बरोबर उलट दुसरीवर जातं आणि पलीकडचं टोक दोघींमधला फरक वाचतं. बाहेरून गोंगाट आला, म्हणजे शेजारी मोटरीचा स्टार्टर खटकन् पडला, तर दोघींवर सारखाच चिखल उडतो आणि फरक तेवढाच राहतो. फार देखणी युक्ती आहे ही. स्वस्त वायरीत पीळच नसतो, वरचं धातूचं आवरण नावाला असतं. ती थ्री-फेजच्या केबलला बांधून नेली की मग बघायलाच नको.

तिसरी अडचण वेळेची. यूएसबीत वस्तू आपणहून बोलत नाही. संगणक मास्तरासारखी हजेरी घेतो, नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं. उत्तरासाठी मास्तर थांबतो किती, तर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दीडपट, एवढंच. तारेतून खूण मीटरला साधारण पाच नॅनोसेकंद घेते, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या पाचपट. पाच-दहा मीटरनं ह्यात फारसं बिघडत नाही. तिथं आधी वीज आणि स्पष्टपणा दगा देतात. पण मध्ये ठाणी घालत फार लांब गेलं की उत्तर यायच्या आत गैरहजेरी लागलेली असते. म्हणून ठाण्यांनाही मर्यादा आहे, पाच. पाच-पाच मीटरच्या सहा वायरी आणि मध्ये पाच ठाणी, असे तीस मीटर झाले की साधी यूएसबी संपली.

ठाणी म्हणजे काय, हे आकाशवाणीच्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. रिले केंद्र दूरचा कार्यक्रम ऐकतं आणि नव्या दमानं पुढं सोडतं. तारायंत्रातही हेच करत. ह्या बाबतीत 1858 ची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अटलांटिक समुद्राच्या तळातून पहिली तार टाकली गेली. तळाशी ठाणं कुठून आणणार? संदेश इतके अंधूक यायचे की राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश पोचायला सोळा तास लागले. व्हाइटहाउस नावाच्या तिथल्या विद्युततज्ज्ञानं उपाय काय केला, तर सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब देऊन पाहिला. जेमतेम तीन आठवड्यांत तार कायमची मुकी झाली. विल्यम थॉमसन, जे पुढं लॉर्ड केल्विन झाले, ते सांगत होते की मोठ्यानं ओरडू नका, हलकं बोला आणि ऐकणारं यंत्र तीक्ष्ण करा. 1866 मध्ये तार पुन्हा टाकली तेव्हा त्यांचंच खरं ठरलं.

आपल्या वायरीतलं रिले ठाणं म्हणजे हब, किंवा मध्ये फुगीर गाठ असलेली ॲक्टिव्ह वायर. तिच्यात एक चिप असते, ती खुणा नव्यानं धारदार करून पुढं देते. पण ह्या गाठीलाही पोट आहे. ती स्वतः त्याच वायरीतली वीज खाते आणि पुढच्याला उरवते ती अर्ध्या अँपिअरऐवजी नियमानं फक्त एक दशांश अँपिअर. म्हणून नुसत्या ॲक्टिव्ह वायरीनं बोलणं सुधारतं, उपासमार होतेच. दूरच्या टोकाला स्वतःचा ॲडॅप्टर असलेला हब ठेवला तर दोन्ही प्रश्न सुटतात. विकत घेताना दुकानदाराला एवढंच विचारा, ह्याला बाहेरून वीज द्यायची सोय आहे का? शंका असेल तर दोनतीनशे रुपयांत यूएसबीचा छोटा मीटर मिळतो, तो लांबच्या टोकाला लावा आणि वस्तू काम करत असताना आकडा बघा, निवांत असताना नव्हे. आकडा साडेचारच्या खाली घसरत असेल तर बोटांना दोष देण्यात अर्थ नाही.

आणखी लांब जायचं असेल तर एक जोडी मिळते, दोन डब्या. त्यांच्यामध्ये संगणकाच्या जाळ्याची जी लॅन वायर असते ती टाकायची. चाळीस-पन्नास मीटर सहज जातं, काही डब्या शंभराचंही सांगतात. मात्र वायर लॅनची असली तरी ह्यातल्या साध्या डब्या लॅनची भाषा बोलत नाहीत, त्यांना राउटरमध्ये खुपसून उपयोग नाही. एका शाळेत तसं केलेलं मी पाहिलं आणि वर डब्यांनाच शिव्या चाललेल्या. खरं तर पहिला प्रश्न विचारायचा तो हाच की यूएसबी लांबवायलाच हवी का? लॅन मुळातच शंभर मीटरसाठी घडवलेली आहे, यूएसबी टेबलासाठी. माझ्या मेव्हण्यानं पुढं तेच केलं. सिमकार्ड घालायचा राउटर माळ्यावर उंच ठेवला आणि तिथून लॅनची वायर खाली आणली. तेव्हापासून तक्रार नाही, असलीच तर माझ्या कवितांविषयी.

एक मात्र जिवाच्या काळजीनं सांगतो. पंचायतीच्या खोलीतून शाळेच्या खोलीत, एका इमारतीतून दुसरीत, अशी तांब्याची वायर उघड्यावरून नेऊ नका. दोन इमारतींचं अर्थिंग सारखं नसतं, तो फरक वायरीतून वाट काढतो. आणि मे महिन्यात वळवाच्या पावसात जवळपास वीज कडाडली तर संगणकही जातो आणि हात लावणाऱ्यालाही धोका. तिथं वाय-फाय किंवा काचेच्या तंतूची केबल हाच मार्ग. राहिलं सांध्यांचं. आमच्याकडं गळीत हंगामात कारखान्याची काजळी सगळीकडं उतरते, उघड्या खाचेत ती बसतेच. प्रत्येक सांधा ही एक गळती. तीन मीटरच्या तीन वायरी जोडण्यापेक्षा एक चांगली जाड वायर बरी.

नव्या यूएसबीनं हे मिटेल अशी आशा धरू नका. आतून निळी खाच असलेली तिसरी आवृत्ती 2008 मध्ये आली, ती दसपट वेगानं बोलते आणि तिला तीन मीटरही जड जातात. मोरोपंत आमच्या बारामतीचे. अठराव्या शतकात इथं बसून त्यांनी ज्या आर्या लिहिल्या त्यातले लांबलचक समास वाचताना शाळेत आमचा दम लागायचा. मास्तर म्हणायचे, हळू वाचा, मधे श्वास घ्या. यूएसबीला हळू वाचता येत नाही असं नाही, पण तिचा ओढा वेगाकडं आहे.

आता खालाकडं येतो. तिसऱ्या खेपेला मी त्या मुलाला म्हटलं, "लॅपटॉप आहे का रे?" होता. "मग यंत्र बाहेर आणू नकोस, लॅपटॉपच बाहेर आण." त्यानं माझ्याकडं बघितलं, दोन्ही वायरी गुंडाळून ठेवल्या आणि लॅपटॉप घेऊन रिक्षात खालाशेजारी येऊन बसला. यंत्राची स्वतःची हातभर वायर, बास. नेट त्याच्या वाय-फायवरून येत होतं. खालानं भीत भीत तर्जनी ठेवली आणि पहिल्याच खेपेला ठसा उतरला. आता 2021 पासून मोबाइलला चेहरा दाखवूनही हा दाखला निघतो, पण तेव्हा ती सोय नव्हती.

खालानं ते बोट उजेडात धरून उलटंसुलटं बघितलं. मग मुलाला विचारलं, "म्हणजे माझं बोट चांगलंच होतं?"

"चांगलंच होतं आजी."

"मग मागच्या दोन खेपांचं रिक्षाभाडं कुणी द्यायचं?"

मुलगा हसायला लागला. रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं, आणि मी मुकाट्यानं खिशात हात घातला.